फाटकापर्यंत येणाऱ्या रत्नाक्का

रत्नाक्का,

तुमच्याबद्दल चार ओळी लिहून द्या म्हणून चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्या हातात एक कागद दिला. जन्म, शिक्षण, नोकरी, विवाह असे रकाने त्यांनी आधीच आखून ठेवले होते. मी तो घरी आणला आणि त्याच्यामागे भाजीची यादी केली. एक तर तुमची जन्मतारीख मला ठाऊक नाही. दुसरं म्हणजे, तुम्ही गेल्याचं या मंडळीनं एकदा जाहीर करून झालेलं आहे, तेही तुमच्यासमोर. दुसऱ्यांदा लिहायचं तर मी माझ्या पद्धतीनं लिहिणार, आणि तुम्हांलाच लिहिणार. तुमच्याबद्दल तुमच्या पाठीमागे बोलायची मला सवय नाही. जे भांडायचं ते आपण तोंडावर भांडलो.

आठवतं ना, आपण पहिल्यांदा भेटलो तो दिवस? आम्हांला नगरहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता. विजयनगरातल्या त्या दोन खोल्यांत अजून गॅसही आला नव्हता. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, मी त्यांच्याआधी दोन वर्षं शाळेच्या ऑफिसातून. मुलगा पुण्यात त्याच्या संसारात. अशात आमच्या मंडळीनं विचारलं की दीड वर्ष म्हैसूरला जाल का, तिथं मराठी उपासना आहे, पण लोक यायचे थांबलेत, त्यांच्या घरी जाऊन भेटायचं, बोलायचं, तुटलेलं जोडायचं. मास्तर लगेच हो म्हणाले. मी म्हटलं, कानडीचं एक अक्षर येत नाही, आपल्याला हा परदेशच की. मास्तर म्हणाले, परदेशात कोण भाड्यानं राहून शेंगदाण्याची चटणी खातं? आणि त्यांनी चटणीच्या बाटल्या बांधायला घेतल्या.

इथं आल्यावर मंडळीचे सेक्रेटरी भास्करराव यांनी आम्हांला न येणाऱ्यांची यादी दिली. त्यात तुमच्या नावावर फुली होती आणि पुढे स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’. मास्तरांचा नियम असा की दुःखाच्या घरी आधी जायचं. तुमच्या माणसांचं सांत्वन कुणी केलं असेल-नसेल, म्हणून आमची पहिलीच भेट ठरली नजरबादला, दिवंगत रत्नाबाई पवार यांच्या घरी.

दार तुम्ही उघडलंत. हातात तांदूळ निवडायचं सूप. मास्तरांनी चपला काढल्या, मान थोडी खाली घातली आणि विचारलं, “दिवंगत रत्नाबाईंच्या घरचं कुणी आहे का?”

“घरचं दुसरं कोण असणार? मीच हाय की,” तुम्ही म्हणालात. “बन्नी, आत या. उन्हात सुम्ने कशाला उभं राहायचं?”

मास्तरांना वाटलं, बहीण असणार. ते आत जाऊन बसले, सलाम केला, आणि लगेच डोळे मिटून प्रार्थनेला लागले. तुम्हीही सूप खाली ठेवून हात जोडलेत. मास्तरांची प्रार्थना कधी आखूड नसते. आमच्या या बहिणीला, रत्नाबाईला, तू आपल्या घरी नेलंस, असं ते अगदी भरल्या गळ्यानं म्हणाले, तेव्हा तुम्ही डोळे न उघडता शांतपणे सांगितलंत, “अजून न्हेलं न्हाई.”

मी लग्नाला चाळीस वर्षं झालेली बाई. नवऱ्याला प्रार्थनेच्या मध्ये गप्प झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग तुम्ही हसायला लागलात ते खोकला येईपर्यंत. मी हसले, मास्तर मेल्याहून मेल्यासारखे झाले, आणि तुम्ही आत जाऊन काफी आणि अवलक्की घेऊन आलात. अवलक्की म्हणजे आमचे पोहे, एवढं पहिलं कानडी मी तुमच्या घरी शिकले. मास्तर क्षमा मागत होते, यादी दाखवत होते, भास्कररावांना आजच सांगतो म्हणत होते. तुम्ही यादी हातातही घेतली नाहीत. “मला माहीत हाय,” म्हणालात, “वाचलं तवा मी तिथंच होते.” आणि विषय बदललात.

त्या वाक्यानं मला कित्येक दिवस पछाडलं होतं. वाचलं तेव्हा तिथं होते म्हणजे काय? पण मास्तरांचा आणखी एक नियम होता. पहिल्या तीन भेटींत उपासनेचं नावसुद्धा काढायचं नाही. माणसाला माणूस म्हणून भेटायचं, पोरंबाळं, दुखणीखुपणी विचारायची, चटणीची बाटली ठेवायची आणि अर्ध्या तासात उठायचं. बाकी घरांत हा नियम आम्ही पाळला. तुमच्या घरी अर्ध्या तासाचा दीड तास व्हायचा. आमचा गुरुवार तुमचा ठरून गेला. चटणी मात्र तुम्ही पहिल्याच घासाला नापास केलीत. एवढं तिखट खाऊन तुम्हा नगरच्या लोकांची डोकी तापलेली असतात, म्हणालात, आणि बाटली माझ्याच पिशवीत परत घातलीत.

तुमच्याबद्दल मला जे कळलं ते असंच तुकड्यातुकड्यांनी. आजोबा राजवाड्याच्या घोडदळात होते. घरात मराठी बोलायची, पण राग आला की कानडी. तुम्ही नर्स झालात, रेल्वेतल्या पवारांशी लग्न केलंत, सोलापूरकडचे ख्रिस्ती. माहेरच्यांनी दोन वर्षं तोंड बघितलं नाही आणि नंतर इतकं बघितलं की पवार गेल्यावर भावानं तुम्हांला घरीच आणून ठेवलं. मूलबाळ नाही. भावाची मुलगी गायत्री, ती वरच्या मजल्यावर. तिच्या देवघरातली घंटा वाजायची तेव्हा खाली तुम्ही तुमचं पवित्र शास्त्र उघडून बसायच्या. दोघींचं कधी वाजल्याचं मी ऐकलं नाही. वाजलं तर ते भाजीत मीठ किती यावरून.

तिसऱ्या गुरुवारी आम्ही उठायला लागलो तेव्हा तुम्हीच म्हणालात, “तीन झाल्या. आता इचारा.” तुम्हांला कसं कळलं, असं मास्तरांनी विचारलं. तुम्ही म्हणालात की चौतीस वर्षं नर्स होते, पेशंटचे नातेवाईक कधी काय विचारणार हे त्यांच्या उभं राहण्यावरून मला कळतं.

मग तुम्ही सांगितलंत. गायत्रीची आई, म्हणजे तुमची भावजय, आठ महिने अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं तुम्ही केलंत. त्या आठ महिन्यांत तुम्ही उपासनेला आला नाहीत आणि मंडळीतलं कुणी विचारायलाही आलं नाही. ती वारली. इथल्या पद्धतीप्रमाणे घराच्या फाटकावर तिच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लागला. भास्करराव तिकडून जाताना त्यांनी तो पाहिला. वीस वर्षं म्हैसुरात राहून त्यांना कानडी वाचता येत नाही. दोन्ही बायका एकाच वयाच्या, पांढऱ्या केसांच्या, फोटो जुना. शिवाय हिंदूंचं सुतकाचं घर, आत कसं जावं, म्हणून त्यांनी दार वाजवलं नाही. घरी जाऊन यादीत फुली मारली.

आणि नोव्हेंबरातल्या त्या रविवारी, गेलेल्यांची नावं वाचतात त्या उपासनेला, भावजयीचं सगळं आटोपून तुम्ही आठ महिन्यांनी पहिल्यांदा देवळात गेलात. उशीर झाला म्हणून शेवटच्या बाकावर बसलात. मंडळी उभी राहिली. भास्करराव एकेक नाव वाचत होते. तुमचं नाव आलं.

मी म्हटलं, अहो मग ओरडायचं ना तिथल्या तिथं, मी इथं आहे म्हणून. तुम्ही म्हणालात, “ओरडणारच हुते. पण म्हटलं, बघू कोण वळून बघतंय.” कुणी बघितलं नाही. सगळे मान खाली घालून उभे होते. गीत सुरू झालं, तुम्ही पिशवी उचलली आणि बाहेर पडलात. त्याला आमच्या येण्याआधी तीन वर्षं झाली होती.

त्या दिवशी बसमधून घरी येताना, तुम्हांला पुन्हा त्या बाकावर आणून बसवायचं, एवढं एकच काम देवानं आपल्याला इथं दिलंय असं मी मनाशी धरून बसले. बाकीची यादी मास्तरांनी सांभाळावी. तुम्ही माझ्या.

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी काय काय केलं ते आता आठवून मलाच हसू येतं. भास्कररावांना तुमच्याकडे क्षमा मागायला आणते म्हटलं. तुम्ही म्हणालात, बेडा, नको, त्या माणसाला चष्म्याची गरज हाय, क्षमेची न्हाई. पाळकसाहेबांकडून पत्र लिहवून घेतलं. तुम्ही पत्राला उत्तर म्हणून त्यांना डबाभर चकल्या पाठवल्यात, आणि येणं नाही ते नाहीच. एका माणसाच्या चुकीसाठी अख्ख्या मंडळीला शिक्षा का, असं मी एकदा तावातावानं विचारलं. तुम्ही तांदूळ निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, “नाव वाचलं ती चूक न्हवे ग शैला. ते माणसाकडनं होतं. आठ महिने कुणी दार वाजवलं न्हाई, ती चूक. ती सगळ्यांची.”

मी गप्प झाले. का झाले ते तुम्हांला मी कधी सांगितलं नाही, आज सांगते. नगरला आमच्या मंडळीची यादी अठरा वर्षं मी ठेवत होते. अक्षर चांगलं म्हणून माझ्याकडे दिली होती. दर वर्षी नवी वही करताना कोण दिसत नाही ते बघून मी नावं गाळायची. कुणाची बदली झाली असेल, कुणी रागावलं असेल, कुणी आजारी असेल. कोपऱ्यावरच्या घरात जाऊन विचारायला मला काही धाड भरली नव्हती. पण स्वयंपाक, शाळा, मुलगा, आणि खरं सांगायचं तर कंटाळा. एक मार्थाबाई होत्या, बालवाडीच्या शिक्षिका. त्यांचं नाव मी रविवारी दुपारी रेडिओ ऐकत गाळलं. त्या कुठं गेल्या, का यायच्या थांबल्या, मला आजही माहीत नाही. भास्कररावांवर मी तुमच्यासमोर जेवढं तोंडसुख घेत होते त्यातलं निम्मं माझ्या वाट्याचं होतं. हे सांगायला मी दोनदा तोंड उघडलं होतं. एकदा गायत्री आली, एकदा दूध उतू गेलं. तिसऱ्यांदा मी उघडलंच नाही, कारण तुमच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटली.

तुम्ही मात्र माझं गप्प होणं बघून भलताच अर्थ काढलात. म्हणालात, चल, एवढी सुतकी होऊ नकोस, दुसरी कुठली घरं राहिलीत ती दाखव. यादी तुम्ही तेव्हा पहिल्यांदा हातात घेतलीत. कोण कुठं राहायला गेलंय, कुणाची सून तापट, कुणाच्या घरी दुपारी दोननंतरच जायचं, सगळं तुम्हांला पाठ. आम्ही ज्या पाच घरांचे पत्ते महिनाभर शोधत होतो ते तुम्ही बसल्या जागी सांगितलेत. आणि मग म्हणालात की तुम्हा दोघांना कानडी येत नाही, वॉचमन आत सोडत नाही, रिक्षावाला भलतीकडे नेतो, मीच येते.

म्हणजे जिला परत आणायचं ती स्वतःच परत आणणाऱ्यांत सामील झाली! मास्तरांनी नगरला अहवालात काय लिहावं हे त्यांना समजेना. तुम्ही दारोदार जाऊन खणखणीत आवाजात सांगायचात, “मी ती मेलेली रत्नाबाई. बसायला सांगणार की न्हाई?” लोक दचकायचे, मग हसायचे, मग दार पूर्ण उघडायचं. आमच्या तीन भेटींच्या नियमाचं तुम्ही पार वाटोळं केलंत. पहिल्याच भेटीत विचारायचात, का सोडलं यायचं? आणि लोक सांगायचे. तुम्हीही सोडलेल्यातल्याच, त्यामुळे तुम्हांला सांगायला कुणाला लाज वाटत नव्हती. आम्हांला सहा महिन्यांत जे ऐकायला मिळालं नाही ते तुम्ही काफी निवायच्या आत काढून घ्यायचात. मास्तर बाहेर आल्यावर म्हणायचे, आपण दोघं नुसते चटणी वाटणारे. ते खरंच होतं.

हूटगळ्ळीची प्रिया तुमचीच. नाशिकची पोरगी, नवरा तिथल्या कारखान्यात इंजिनिअर आणि हिंदू. उपासनेला आली की बायका विचारायच्या, मिस्टर कधी येणार, बाप्तिस्मा कधी घेणार. तिनं येणंच सोडलं. मूल झालं तरी कुणाला कळवलं नाही. तिच्या नव्या घराच्या आजूबाजूला अजून नुसते खांब आणि विटांचे ढीग. शेजार नाही, आई दूर. तुम्ही आत गेलात, बाळाला तिच्या हातातून घेतलंत आणि तिला म्हणालात, जा, डोक्यावरून पाणी घे, केस धू, मी बसते. ती पाऊण तास न्हाणीघरात होती. बाहेर आली ती रडून आली होती. तुम्ही तिला काही विचारलं नाहीत, बाळाचा लंगोट कसा बांधायचा ते दाखवत बसलात. पुढच्या रविवारी ती उपासनेला आली.

आली, आणि तुम्हीच आणलीत, देवळाच्या फाटकापर्यंत. तुमचं ते फाटक! दर रविवारी पावणेचारला तुम्ही कुणाला ना कुणाला घेऊन यायच्या, फाटकाशी रिक्षातून उतरवायच्या आणि स्वतः तिथंच समोर बाकड्यावर बसायच्या, उपासना सुटेपर्यंत. ऊन असो, वारा असो. गीतं तुम्हांला बाहेर ऐकू यायची, कारण सुटल्यावर तुम्ही मला सांगायचात की आज दुसऱ्या कडव्याला बायका सुरात खाली उतरल्या. मी दर रविवारी हात धरून म्हणायची, चला आता, वीस पावलं आहेत. तुम्ही म्हणायचात, “तू लई बोलतीस. साकु, पुरे. मेल्यावर उचलून न्हेलात तर माझा काय इलाज? चालत न्हाई येणार.”

आतून मी रागावायची. अकरा माणसं तुम्ही आत पाठवलीत आणि स्वतः बाकड्यावर! मला त्यात अहंकार दिसायचा, हट्ट दिसायचा. एकदा मी तसं बोललेही. तुम्ही दोन गुरुवार माझ्याशी फक्त कानडीत बोललात. तिसऱ्या गुरुवारी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कानडी बाराखडी काढून माझ्यासमोर ठेवलीत. फ्लेक्स वाचता येत नाही अशा माणसांनी आमच्या गावात कुणाच्या हट्टाबद्दल बोलू नये, म्हणालात. मी शिकले. या वयात, चष्मा पुसत पुसत शिकले. बसच्या पाट्या आता वाचते. मास्तरांना अजून येत नाही, त्यामुळे घरात माझा थोडा वरचष्मा आहे, आणि त्याबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी राहीन.

मग गेल्या महिन्यात आम्ही तीन आठवडे पुण्याला गेलो. सुनेचं ऑपरेशन होतं. जाताना मी तुम्हांला बजावलं होतं की मी येईपर्यंत प्रियाकडे लक्ष ठेवा. तुम्ही म्हणालात, तू नसलीस की मला जरा शांतता मिळेल. परत आलो तो बुधवार. गुरुवारी तुमच्याकडे यायचं म्हणून मी सकाळी सुधारस केला होता, तुम्हांला आवडतो म्हणून. तो डब्यात भरत होते तेव्हा गायत्रीचा फोन आला. न्याहारी करून तुम्ही खुर्चीत बसलात आणि बसल्या बसल्याच गेलात. काफीचा पेला अर्धा झाला होता. कुणाला हाक मारली नाहीत. नर्सबाईला शोभेल असं, कुणाला त्रास न देता गेलात. मी तो डबा घेऊनच आले. काय करायचं त्याचं ते सुचलं नाही म्हणून गायत्रीच्या फ्रिजमध्ये ठेवला.

संध्याकाळी घराच्या फाटकावर फ्लेक्स लागला. तुमचा फोटो, खाली कानडीत नाव. मी उभी राहून एकेक अक्षर लावून वाचलं. र, त्ना, बा, ई. या खेपेला चूक नव्हती. तिथं मला जे रडू फुटलं ते गायत्रीनं वर नेऊन पाणी दिलं तरी थांबेना. तुम्ही असतात तर म्हणाला असतात की वाचायला शिकवलं ते काय रडायला?

पण खरी पंचाईत पुढेच होती. शुक्रवारी दफन. पाळकसाहेब म्हणाले, आधी देवळात उपासना, मग कबरस्तान. तुम्हांला आत न्यायचं? चार वर्षं तुम्ही ज्या दारातून आत पाऊल टाकलं नाहीत, त्या दारातून आता तुम्हांला नाही म्हणता येत नाही म्हणून उचलून न्यायचं? मास्तर म्हणाले, त्या स्वतःच म्हणाल्या होत्या ना, उचलून नेलंत तर इलाज नाही. मी म्हटलं, ती चेष्टा होती. मास्तर म्हणाले, चेष्टेतच माणूस खरं बोलतं. आम्ही तुमच्या ओसरीवर, तुम्ही आत असताना, चक्क भांडलो. मला इतके दिवस तुम्हांला आत न्यायचं होतं, आणि आता न्यायची वेळ आली तर मीच दारात आडवी. फाटकाबाहेरच मांडव घालू, मंडळीला बाहेर येऊ दे, असं माझं म्हणणं. गायत्रीला विचारलं. ती म्हणाली, अत्ते कधी बोलल्या नाहीत, तुम्हांला काय योग्य वाटतं ते करा. म्हणजे सगळं माझ्यावरच आलं.

तेवढ्यात प्रिया आली, बाळाला कडेवर घेऊन. आमचं बोलणं तिनं ऐकलं असावं. ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “काकू, एक सांगायचं होतं. मला त्यांनी शपथ घातली होती तुम्हांला न सांगायची.”

आम्ही पुण्याला गेल्यावर पहिल्या रविवारी प्रियानं तुम्हांला फोन केला की मी येत नाही. शैलाकाकू नाहीत, शेजारी कुणी बसत नाही, बाळ रडलं की सगळ्या बायका वळून बघतात. तुम्ही तिला म्हणालात, तू ये, मी फाटकाशी आहे. ती आली. तुम्ही तिच्या कडेवरचं बाळ घेतलंत, म्हणालात चल, आणि सरळ आत निघालात. ती वीस पावलं! प्रियालाच थांबून बघावंसं वाटलं. तुम्ही शेवटच्या बाकावर तिच्याशेजारी बसलात आणि बाळाला मांडीवर घेऊन थोपटत राहिलात. दुसऱ्या रविवारी तसंच. तिसऱ्याही.

मी विचारलं, आणि भास्करराव? प्रिया म्हणाली, ते शास्त्रपाठ वाचायला पुढे उभे होते. मान वर केली आणि त्यांना शेवटच्या बाकावर तुम्ही दिसलात. त्यांचं वाचणंच थांबलं. पुस्तक तसंच उघडं ठेवून ते मधल्या वाटेनं मागपर्यंत चालत आले, तुमच्यासमोर हात जोडून उभे राहिले. अख्खी मंडळी वळून बघत होती. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत आणि हळूच म्हणालात, “बसा भास्करराव. बाळ झोपलंय.”

ते बसले. तुमच्याच बाकावर, टोकाला. पुढचा शास्त्रपाठ पाळकसाहेबांनी वाचला म्हणे.

मला सांगायचं नाही अशी शपथ का, तर शैलाला वाटेल ती जिंकली. हे ऐकून मास्तर तुमच्या ओसरीवर, तुम्ही आत असताना, मोठ्यानं हसले, आणि मीही. गायत्री घाबरून बाहेर आली.

शुक्रवारी आम्ही तुम्हांला आत नेलं. पुढून एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला भास्करराव. मार्थाबाईंचा पत्ता काढायला मी नगरला तीन फोन केलेत, चौथा उद्या करीन. आमचं दीड वर्ष पुढच्या महिन्यात संपतंय, तरी आम्ही आणखी सहा महिने मागून घेतलेत. हे सगळं मी समाधानानं लिहिते आहे, फक्त एक सोडून. मी तुम्हांला त्या बाकावर बसलेलं पाहिलं नाही. दीड वर्ष ज्याची वाट पाहिली ते तीन वेळा घडलं आणि तिन्ही वेळा मी पुण्यात सुनेला मुगाची खिचडी भरवत होते. आठ दिवस मी यावरून तुमच्यावर रुसले होते.

पण आज लिहिता लिहिता कळलं. मी तिथं असते तर मोठ्यानं देवाचे आभार मानले असते, तुम्हांला हाताला धरून पुढच्या बाकावर नेऊन बसवलं असतं, सगळ्यांना उभं केलं असतं. बाळ जागं झालं असतं, आणि तुम्ही पिशवी उचलून पुन्हा निघून गेला असता. रत्नाक्का, मी तिथं नव्हते, हे फार बरं झालं.